मंत्र्याचं नाक

खोडरबराचा कोपरा झिजून गोल झाला होता, आणि तिनं त्याच कोपऱ्यानं पुन्हा एकदा मंत्र्याचं नाक पुसलं तेव्हा कागदाची लव उठली – नाक जमत नव्हतं असं नाही, ते तिनं डोळे मिटूनही काढलं असतं. पण लांब केलं की दुष्टपणा वाटायचा आणि आखूड केलं की मंत्री कुणाचा तरी गरीब मामा दिसायचा... आणि संध्याकाळच्या आत व्यंगचित्र पेपरात पोचायला हवं होतं.

बातमीत संशयाला जागा नव्हती. औषध कंपन्यांच्या दलालाकडे आरोग्यमंत्र्यांची जेवणं झाली आणि मग किमतींना लगाम घालणारं कलम विधेयकातून अलगद गळून पडलं. हाच माणूस – ज्याचं भाषण ऐकायला ती कॉलेजात असताना भावाच्या सायकलवर डबलसीट गेली होती, आणि परतताना दोघांचे घोषणांनी घसे बसले होते.

गेल्या वर्षी पलीकडच्या पक्षाचा मंत्री सिमेंटवाल्यांच्या दलालाबरोबर सापडला, तेव्हा चित्र हां हां म्हणता झालं होतं : टेबलाखाली मंत्री, गळ्यात पट्टा, तोंडात हाड. भावानं ते कापून फ्रिजवर चिकटवलं होतं.

फोन वाजला. भाऊच.

"ताई, जरा बेतानं काढ हं. भेटला म्हणजे लगेच विकला गेला का? मंत्र्याला चार लोकांचं ऐकावंच लागतं."

"गेल्या वर्षी तू म्हणालास, भेटलाच कशाला."

"तो वेगळा होता."

"कसा?"

पलीकडे टीव्हीवर कुणीतरी तावातावानं बोलत होतं.

"अगं, तो त्यांचा होता!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तीही हसली. मग दोघांचंही हसू ओसरलं.

"आईच्या गोळ्या महागणार आहेत," ती म्हणाली.

"त्या मी आणीन गं," तो पटकन म्हणाला. "त्याची काळजी तू करू नकोस."

फोन ठेवून तिनं नवा कागद घेतला. तेच टेबल, तोच पट्टा – मुद्दाम तसाच, बक्कल आणि भोकांसकट. नाक मंत्र्याचं आहे तसंच, ना लांब ना आखूड. हात थांबत नव्हता, पण गेल्या वर्षी ती हे काढताना शीळ घालत होती... शीळ! मला तर वाटत होतं, मी संतापले आहे. संतापात कुणी शीळ घालतं? आज ओठांवर शीळ येतच नाही. मग तेव्हाचं ते काय होतं – शेजाऱ्याचा मुलगा नापास झाल्यावर घरात पसरतो तसला गोडवा?

चित्र पुरं झालं. खाली सही तेवढी राहिली. पेपरातून निरोप आला : झालं का? ती पेन धरून बसून राहिली, आणि डोळ्यांपुढे आला तो तिचा मंत्री नव्हे, तो दुसरा, सिमेंट प्रकरणातला – लबाड होताच तो, त्यात शंका नाही – पण तिचं चित्र छापून आलं त्या सकाळी त्याच्या घरी पेपर आधी कुणी उघडला असेल, हे तिला आज पहिल्यांदाच जाणून घ्यावंसं वाटत होतं.