डावीकडचं शून्य

ऑफिसात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. तिला नाव होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरत नसे. संगणकावर नकाशा उघडायचा, पुराच्या धोक्याचा निळा पट्टा आखायचा आणि पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक घराला मोबाइलवर संदेश जाईल अशी पायथनची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाची आज्ञावली, चालवायची, हे तिचं काम. काम चोख. निदान त्या दिवशी तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत तरी तिचा तसा समज होता.

वरच्या धरणाचे दरवाजे चार वाजता उघडणार होते. पाणी खालच्या वस्तीत यायला पाऊण तास. तिने बारालाच संदेश सोडले होते. पट्ट्यातली घरं दोनशे अडतीस, गेलेले संदेश दोनशे अडतीस, पोचलेले दोनशे अडतीस. साहेब चक्क खुर्चीतून उठून "वा!" म्हणाले, आणि साहेब उठतात हीच मुळात बातमी होती.

तिचे बाबा खालच्या वस्तीतच राहायचे, अगदी नदीला लागून. पण तिला घोर नव्हता. संदेश मिळाला की ते टेकडीवर मावशीकडे जातील, हे ठरलेलंच होतं. मावशीला तिने तसं सांगूनही ठेवलं होतं.

तीन वीसला मावशीचाच फोन आला.

"काय गं, मलाच घराबाहेर काढताय होय?" मावशी हसत होती. "दुपारी मेसेज आलाय, पाणी येतंय, घर सोडा म्हणून. इथे नळाचं पाणी चढता चढत नाही, आणि नदी चढणार म्हणे! अख्ख्या गल्लीला आलाय. हसून हसून पुरेवाट झाली आमची."

"गल्लीत सगळ्यांना?"

"एकूण एक घराला. आणि काय गं, भावजी अजून आले नाहीत. फोनही उचलत नाहीत."

तिने बाबांना फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद पडली. बाबा फोन कपाटात ठेवून अंगणात बसणारे. त्यांच्या मते फोन ही जपून ठेवायची वस्तू होती.

तिने स्क्रिप्ट उघडली आणि एक ओळ घातली: संदेश पाठवू नकोस, फक्त घराचा क्रमांक आणि त्यापुढचा फोन नंबर दाखव. बाबांच्या घराचा क्रमांक होता ०४१२. त्याच्यापुढे जो नंबर उमटला तो तिला तोंडपाठ होता. मावशीचा.

मावशीचं घर ४१२.

लहानपणी पोस्टमन हाच घोळ घालायचा. मावशीची पत्रं हिच्या घरी, हिच्या घरची मावशीकडे. आई आणि मावशी, दोघी बहिणी त्यावरून खूप हसायच्या. पोस्टमनला निदान चष्मा लागला होता. हिचं काय?

हिचं असं झालं होतं, की आठवड्यापूर्वी स्क्रिप्ट अडत होती. नकाशातला घराचा क्रमांक आणि फोनच्या नोंदवहीतला क्रमांक जुळतच नव्हते. कारण साधं होतं, नोंदवहीत टंकणाऱ्याने प्रत्येक क्रमांकामागे एक रिकामी जागा सोडली होती. ती जागा तेवढी छाटायची होती. पण हिने घाईत दोन्हीकडे 'इंट' लावलं, म्हणजे अक्षरं म्हणून लिहिलेल्या क्रमांकाची सरळ संख्या केली. स्क्रिप्टची तक्रार तत्क्षणी थांबली. मागची रिकामी जागा गेली आणि तिच्याबरोबर पुढचं शून्यही गेलं. ०४१२ आणि ४१२ एकच झाले. नोंदवहीत खालची वस्ती आधी, टेकडी नंतर. नंतरचा फोन नंबर आधीच्याच्या जागी बसला. आगीतून फुफाट्यात, आणि वर तिने त्या दिवशी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आकडे मात्र चोख जुळत राहिले. दोनशे अडतीस, दोनशे अडतीस, दोनशे अडतीस. त्या आकड्यांची तिला आता किळस आली.

ती साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, संदेश टेकडीवर गेलेत. खालच्या वस्तीत एकालाही गेलेला नाही."

"काय बोलतेस तू? पोचले म्हणालीस ना?"

"पोचले. चुकीच्या दारात पोचले. चूक माझी आहे. पुन्हा पाठवायला तुमची परवानगी हवी, आत्ता."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

'इंट' खोडून तिने रिकामी जागा छाटायचा 'स्ट्रिप' लिहिला. एवढासा शब्द तीनदा चुकला. मग तिने यादीतली दहा घरं मोठ्याने वाचून खात्री केली, मघाची ओळ काढली आणि बटण दाबलं.

टेबलावरचा तिचाच फोन थरथरला.

'घर क्र. ०४१२. पाणी येत आहे. घर ताबडतोब सोडा.'

ती त्या अक्षरांकडे बघतच राहिली. दोन वर्षांपूर्वी नोंदवही भरताना, बाबा काही फोन बघत नाहीत म्हणून, बाबांच्या घरापुढे तिनेच स्वतःचा नंबर दिला होता आणि नंतर विसरून गेली होती. म्हणजे दुपारी बाराला हा फोन वाजायला हवा होता. तो वाजला नाही, आणि न वाजलेला फोन तिच्या ध्यानातही आला नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

तिने पुन्हा बाबांना लावला. या वेळी लगेच उचलला.

"बरं झालं केलास," बाबा म्हणाले. मागे दारावर धपाधप थापा पडत होत्या. "शेजारचे सगळे निघालेत, मेसेज आला म्हणे. मीही फोन काढून बघितला. मला नाही आला. तेच त्यांना सांगतोय, माझ्या लेकीची यादी आहे. तिच्यात माझं घर नाही म्हणजे मला धोका नाही. मी दुपारपासून सगळ्यांना हेच समजावतोय."

"दुपारपासून?"

"तर! धरण उघडणार हे ऐकून दोघं-तिघं बोचकी बांधून बसले होते, त्यांना सोडायला लावली. म्हटलं, ती चुकायची नाही."

रडायला वेळ नव्हता. "बाबा, माझी यादी चुकली."

पलीकडे थापा चालूच होत्या.

बाबा जन्मभर मोजणीदार होते. ही वस्ती त्यांनीच साखळी ओढून मोजली होती आणि दारांवरचे क्रमांकही त्यांनीच घातले होते. टेकडीवरचेच आकडे, खाली पुढे एक शून्य लावून.

"शून्य खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"शाळेत शिकवतात, डावीकडच्या शून्याला किंमत नाही. पण मी ते उगाच नव्हतं लावलं, बाळा. ज्याचं घर नदीच्या पातळीला, त्याला शून्य. कधी पाणी आलं तर कुणाला आधी उचलायचं ते कळावं म्हणून."

तिने नाक ओढलं.

"आता रडत बसू नकोस," बाबा म्हणाले. "ज्यांची बोचकी मी सोडायला लावली, त्यांच्या दारात आधी जातो. मग निघतो."

"बाबा, आधी तुम्ही निघा!"

पण फोन ठेवलेला होता. घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती.