सोड्यात घातलेला कारल्याचा वेल

आम्रपालीचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतील, धाकट्या जावेबद्दल ही अशी कशी बोलते. बोलते. काय करणार?

मी महाडला शाळेत चित्रकला शिकवते. सायनोटाइप मी पुण्याला जाऊन, सुट्टीचे आठ दिवस घालवून शिकले. कागदाला औषध लावायचं, अंधारात वाळवायचा, वर पान मांडून काचेखाली उन्हात ठेवायचा आणि साध्या पाण्यात धुवायचा. पानाची जागा पांढरी राहते, बाकी सगळं गडद निळं. आमच्या भागात हे आणलं मी. आम्रपाली पोलादपूरच्या वरच्या वाडीत राहते, परसात भाजी लावते. तीन वर्षांपूर्वी म्हणाली, "ताई, मला पण दाखवा ना." दाखवलं. माझीच अक्कल.

पहिल्या वर्षी तिचे कागद डागाळायचे, तेव्हा माझं तिच्यावर फार प्रेम होतं. मग तिचा हात बसला. मी नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान पुस्तकात दाबून, सपाट करून, नीट मधोमध मांडणार. ही बया कोथिंबीर मुळासकट उपटणार, माती झटकणार आणि तशीच कागदावर ठेवणार. माझं चित्र बघून लोक म्हणायचे, छान आहे. तिचं बघून गप्प बसायचे आणि परत बघायचे.

गेल्या मार्चमध्ये मुदस्सरभाईंनी गडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत लॉज बांधलं. वीस वर्षं सौदीत काढून आलेला माणूस. त्यांना दर्शनी भिंतीवर इथल्या झाडाचं मोठं चित्र हवं होतं, खाली पितळी पट्टीवर करणाऱ्याचं नाव. "दोघी एकेक आणा, एक ठेवतो," म्हणाले. ती पट्टी मला हवी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना चित्रं शिकवतेय, माझं नाव कुठे म्हणून कुठे लागलेलं नाही.

चार दिवस आधी आम्रपाली तिचा कागद दाखवायला घरी आली. कारल्याचा वेल होता, कोवळ्या तणाव्यांसकट. एकेक तणावा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. बघूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, निळा अजून पक्का व्हायला काय करू?"

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "धुण्याच्या सोड्यात अर्धा तास बुडव."

सोड्याने निळा उडतो. मला चांगलं माहीत होतं. ती "बरं" म्हणाली आणि दुपारच्या एसटीने गेली. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली, खोटं कशाला बोलू.

ठरल्या दिवशी माझा नेचा घेऊन हिरकणीवाडीला पोचले, तर ती आधीच हजर. तिचा कागद टेबलावर पसरलेला. निळा गेलाच होता, पण त्याच्या जागी दाट काळा आला होता, जांभळ्याकडे झुकणारा, आणि त्यात तो वेल पांढराशुभ्र. असला रंग मी पुण्यातही पाहिला नव्हता.

"सोड्यात पिवळा पडला ओ," ती मुदस्सरभाईंना सांगत होती. "मग घरात हिरडे उकळलेले, त्या पाण्यात टाकला. हिरड्याचं पाणी लोखंडी घमेल्यात काळं पडतं ना? ह्या औषधात पण लोखंड हाय. म्हटलं, बघू."

औषधात लोखंड असतं हे तिला शिकवलं कोणी? मी.

मुदस्सरभाई माझ्याकडे बघून "तुमचंही छान आहे, मॅडम," म्हणाले आणि पट्टीवर काय घालायचं ते तिला विचारलं.

"दोन नावं घाला. ताईंचं आधी. सोडा त्यांनीच सांगितला."

मी तिला हाताला धरून बाहेर रस्त्यावर आणलं. "माझं नाव काढायला सांग. सोडा मी मुद्दाम सांगितला. तुझं चित्र बिघडावं म्हणून."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तीन वर्षं तुमच्या बाजूला बसतेय. तुमचा एक कागद सोड्यात गेलेला बघितला नाय. पिवळा पडला तवाच कळलं."

"मग नाव कशाला घातलंस?"

"तुम्हाला हवं होतं ना," ती म्हणाली. रागाने नाही, टोमणा मारूनही नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी तिला चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

पट्टी लागली. दिवाळीनंतर शाळेची सहल गडावर गेली, तेव्हा पोरांनी लॉजमधल्या त्या पट्टीचा फोटो काढून आणला. "मॅडम, तुमचं नाव, पहिलं," म्हणत सगळ्या वर्गाला दाखवला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी त्यांना थांबवलं नाही.