पात्याखाली पोथी

"हात काढ, शेष्या! नाहीतं पोथीसंग बोटंही जातीन!"

"नाही काढत. फिरवा चाक."

बाबाचा हात मशीनच्या चाकावर, माहा हात पात्याखाली पोथीवर. महाल मोहल्ल्यात आमच्या घरच्या समोरच्या खोलीत बायंडिंगचं दुकान आहे. तिथं ही जुनी कटिंग मशीन. गठ्ठा ठेवायचा, वरून पकड आवळायची, चाक फिरवायचं. पातं खाली येते अन् पुस्तकाच्या कडा दाढी केल्यावानी साफ करून देते. शाळेच्या पुस्तकाले ते बरं. पण आज बाबानं पकडीत घरची पोथी आवळली होती.

पोथी पणजोबाच्या वेळची. हातकागद, हातचं अक्षर, सारी पानं सुटी. दर श्रावणात बाबा वाचतात अन् दरवर्षी पानाचे कोपरे तुटून पाटावर पडतात. म्हणून त्याईले आता पक्की बायंडिंग पाह्यजे होती. कडा कापून, शिवून, वरतं लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं.

अन् मले आजच्याच गाडीनं नेपाळले जायचं होतं.

धरमपेठच्या शामला मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. जुन्या काळी लोक पुस्तकं कशी बनवत, हे पाहाले त्या जपानात जाऊन आल्या, इटलीत जाऊन आल्या. मागच्या दिवाळीत आमच्या दुकानात आल्या अन् पोथी पाहून खालीच बसल्या. "शेषराव, ही कापू नका हं. शिवूही नका. पोथी मोकळीच असते." जिंदगीत पह्यल्यांदा मले कोणी शेषराव म्हटलं. नेपाळात अजून झाडाच्या सालीचा कागद हातानं करतात, फाटक्या पोथ्या त्याच्यानंच जोडतात, हेही त्याईनंच सांगतलं. आता त्या तिकडं अभ्यासाले चालल्या. संगं कामात हात बसलेला माणूस पाह्यजे होता. नेपाळले पासपोर्ट लागत नाही. आठवी नापासही चालते.

"परदेस म्हणे!" बाबा बोलले. "अबे, पासपोर्ट लागत नाही तो कायचा परदेस? भंडाऱ्याले चाललो म्हण."

"मी शिकून येतो अन् पोथी जोडून देतो. तोवर कापू नका, इतकंच म्हणून राहिलो ना."

"येतो? तू? शाळा सोडली. सायकलच्या दुकानात टिकला नाही. मिलमधी मुकादमाच्या कानफटात मारून आला. एक तरी काम पुरं केलं का बे तू? वापस येशील याचा काय भरोसा? तुही वाट पाहत पोथीनं भुकटी व्हावं का?"

माहं टाळकं सटकलं.

"कडेले पाहा!" मी वरडलो. "बारीक अक्षर दिसते का? लिहिणाऱ्याची ओळ सुटली, ती त्यानं बाजूले लिहिली. तुमचं पातं तिच्यावरूनच जाते."

"इतके वर्षं मी वाचून राहिलो, अन् मले ओळ नाही दिसली?"

"तुम्ही वाचताच कुठी? तुम्हाले पाठ आहे."

बाबाचे कान लाल झाले. माय दारातून म्हणाली, "अजी, सोडा ना ते चाक! पोरगा गाडीत बसाच्या दिवशी..."

"तू चूप वं!" म्हणत त्याईनं पकड अजून आवळली.

तशी पोथीतून लाल भुकटी उडाली. आमच्या इथं पोथीच्या कपड्यात भिवापूरच्या वाळल्या मिरच्या ठेवतात, किडा लागू नये म्हणून. आजी ठेवे, आता माय ठेवते. पानापानात मिरचीचा चुरा बसलेला. मले आधी ठसका लागला. मंग बाबाचं नाक फुगलं, डोळे बारीक झाले. मी समजलो. हात काढाले अजून टाइम होता.

"बाबा, चाक सोडा!"

ते शिंकले. सारं अंग चाकावर गेलं.

पातं सर्रकन आलं अन् माह्या बोटावर टेकलं. कापलं नाही. नुसतं थंड लागलं. बाबानं दोन्ही हातानं चाक थांबवून धरलं होतं. हळूहळू उलटं फिरवलं.

"काढ."

"आधी पोथी काढा."

"बाप आहो मी तुहा," ते एकदम हळू बोलले. "कसाई नाही."

पकड ढिली केली. चष्मा लावला. पान उजेडात धरून कडेची ओळ पाह्यली. ओठ हलवत दोनदा वाचली. मंग पोथीचं पह्यलं पान दोन पुठ्ठ्यांच्या मधात ठेवलं, शिवायच्या दोऱ्यानं बांधलं अन् माह्या छातीवर आपटलं.

"पोथी घराबाहेर जात नाही. एक पान जाईन. असाच कागद आण. श्रावण लागला का मी पाटावर बसतो. पह्यलंच पान नसलं तं वाचन सुरू कसं करू? तू नाही आला तं बाकीची पानं मशीनमधी घालतो. तवा तुहा हात नसंल आडवा."

"येतो ना."

"येतो तं सगळेच म्हणतात."

पुठ्ठा शर्टाच्या आतून पोटाशी बांधला आहे. बाबा अजून मशीनपाशीच बसून आहेत, पोथी उघडीच मांडीवर. माय पुरचुंडीत काहीतरी कोंबून राहिली. बाहेर मॅडमची रिक्षा आली, रिक्षावाला घंटीवर घंटी मारून राहिला. आता मले निघाच लागते.