भाऊजींचा शेवटचा हात

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, चकाकी म्हणजेच काम वाटतं. गाडी चकाकते, बूट चकाकतात, टक्कलही. मग कार्बाइडच्या साच्याने काय घोडं मारलंय?

त्या साच्यावर माझं सगळं अडलं होतं. गिऱ्हाईक बाईंना तो पसंत पडला तर आमच्या कारखान्यातलं साचे कोरायचं लेसर मशीन राहणार आणि मशीनवर मी राहणार; नाहीतर मशीन विकायचं आणि मी घरी बाळ सांभाळत बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

हे टंगस्टन कार्बाइड पोलादाहून कितीतरी कठीण. दांडगाई केली की लेसर ते नुसतं वितळवतो. वितळलेलं तिथेच थिजतं. वरून गुळगुळीत, आत चिरा. म्हणून मी ठोकळ्यात साचा कोरताना कमी ताकदीने, दर फेरीला दिशा बदलत, पापुद्रा पापुद्रा काढला. पृष्ठभाग करडा, पण एकसारखा आला. तेवढ्यात बाळ रडलं. त्याला पाजून परत येते, तोवर भाऊजींनी पूर्ण ताकदीने ‘शेवटचा हात’ मारून ठेवलेला.

“बघ! आरसा! तुझं आपलं राखेसारखं!”

भिंगातून पाहिलं. वाळलेल्या चिखलासारख्या बारीक चिरा. मान वर केली, तर बाई दारात हजर.

बाईंनी साच्यावर लाल रंग लावून पुसला. चिरांत मुरलेल्या रंगाचं जाळं लालभडक उठलं.

“कुणी केलं हे?”

“आमच्या धाकट्याच्या बायकोने,” भाऊजी पटकन म्हणाले. श्रेय द्यायला एवढी घाई त्यांनी कधी केली नव्हती.

“चमक यांची आहे. माझं काम तिच्याखाली गाडलं गेलं,” मी म्हणाले. “ठोकळ्याची दुसरी बाजू कोरी आहे. थांबाल?”

बाईंनी खुर्ची ओढली. मी बाळ भाऊजींच्या हातात दिलं.

“अगं, मला कुठे जमतंय—”

“मान सांभाळा. बाकी तो बघेल.”

हलक्या फेऱ्या सुरू झाल्या. भाऊजींना राहवेना. “थोडी ताकद वाढव की! बाई ताटकळल्यात.”

“मला घाई नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बाळाकडे बघा.”

पुन्हा रंग, पुन्हा फडकं. या वेळी पृष्ठभाग करडाच, एकही लाल रेघ नाही.

“पुढचे सगळे साचे असेच हवेत,” बाई म्हणाल्या. “ आणि यांना मशीनपासून लांब ठेवा.”

भाऊजी बाळाला उराशी धरून उभे होते, तोंड कडू करून. मी घ्यायला हात पुढे केला नाही. पुढचा ठोकळा चढवायचा होता.