गुगलला न दिसणारा भात

जांबोटीच्या भावकू आप्पांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर गावरान भातांची एक वेबसाइट काढली होती. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आसपासच्या शेतांतून हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांनी एकेका जातीवर एकेक पान लिहिलं होतं. कुठली पाणथळ जागेत तगते, कुठली लवकर निसवून लोंब्या धरते, कुणाचा भात रात्रीपर्यंत मऊ राहतो. बियाणं सांभाळायचं काम त्यांच्या पत्नी राजाबाईंचं. दर वर्षी थोडं थोडं पेरून त्यांनी सगळ्या जाती टिकवल्या होत्या. सुरुवातीला कोल्हापूर, गोव्याहून बियाण्यासाठी फोन यायचे. मग ते कमी होत गेले आणि गेल्या वर्षापासून पार थांबले.

त्यांची मुलगी दिपाली बेळगावात नोकरीला होती. फोन कमी झाले म्हणून गेल्या वर्षी तिनं ओळखीच्या एका माणसाकडून वेबसाइटला नवं रूप करून घेतलं. तरी कुणी फिरकेना, तेव्हा तो माणूस म्हणाला, असलं वाचणारं आता कुणी राहिलेलं नाही. ते ऐकून आप्पांनी नवीन पान लिहायचं सोडलं. या वर्षी वेबसाइट बंदच करून टाक, असं त्यांनी दिपालीला सांगितलं.

दिपालीच्या ऑफिसात निपाणीची पारमिता होती. जुन्या वेबसाइट गुगलवर मागं का पडतात ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं, हेच तिचं काम. बंद करायच्या आधी एकदा बघ तरी, म्हणून दिपाली तिला एका शनिवारी जांबोटीला घरी घेऊन आली.

चहा घेता घेता पारमितानं फोनवर वेबसाइट उघडली. वरचं नाव नीट दिसत होतं, कारण ते चित्र होतं. पण खालच्या पानभर मजकुरात एकही मराठी शब्द नव्हता. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. तिनं फोन आप्पांपुढं धरला.

"माझ्या कम्प्युटरवर तर बराबर दिसतंय की," आप्पा म्हणाले आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथल्या जुन्या कम्प्युटरवर खरंच सगळं स्वच्छ मराठी होतं.

तेवढ्यावरून पारमिताच्या लक्षात आलं. आप्पांनी सगळी पानं जुन्या मराठी फॉन्टात टाइप केली होती. त्या फॉन्टात वरून दिसणारं अक्षर मराठी असलं तरी आत साठवलेलं असतं इंग्रजीच. ज्याच्याकडं तो फॉन्ट, त्यालाच मराठी दिसणार. पूर्वी बऱ्याच कम्प्युटरांवर तो असायचा, मोबाइलवर तो नसतो. बाकीच्यांना, आणि गुगललाही, नुसता गोंधळ. कुणी मराठीत भाताचं नाव लिहून शोधलं तर ते नाव या पानांवर आहे हे गुगलला कळायला मार्गच नव्हता.

एवढंच असतं तर फोन हळूहळू कमी झाले असते. ते एकदम थांबले कसे, हे तिला पटेना. तिनं पानांमागचा कोड तपासला, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर गुगलसाठी लिहिलेली एक सूचना सापडली: हे पान शोधात दाखवू नये. नवं रूप देताना काम पुरं होईपर्यंत अशी सूचना घालतात. त्या माणसानं ती घातली आणि काढायची विसरला. शिवाय फोटो इतके जड होते की जांबोटीच्या नेटवर्कवर अर्धेसुद्धा उतरत नव्हते.

सगळं ऐकून आप्पांनी तिचा फोन पुन्हा हातात घेऊन बघितला.

"म्हंजे लोकास्नी नको झालतं असं न्हाय," ते म्हणाले. "त्यास्नी दिसतच नव्हतं."

"व्हय आप्पा. तुम्ही लिहिलेल्यात काही खोट नाही."

ती सूचना पारमितानं त्याच दिवशी काढली. फोटो हलके केले. अक्षरं बदलायला मात्र वेळ लागला. मजकूर सगळीकडं दिसणाऱ्या युनिकोडात आणणारी सोय होती, पण ती रफार आणि जोडाक्षरं बिघडवायची. म्हणून प्रत्येक पान पुन्हा वाचणं भाग होतं. पानांचे पत्ते तिनं बदलू दिले नाहीत. एका शेती महाविद्यालयानं आपल्या वेबसाइटवरून आप्पांच्या पानांची लिंक दिली होती, ती तुटू नये म्हणून.

त्या पावसाळ्यात आप्पा संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे आणि राजाबाई कामं करता करता ऐकायच्या. एकदा राजाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. काळ्या कुसळाचा भात पाणथळात येतो असं आप्पांनी लिहिलं होतं. तो पाणथळात कुजतो, त्याला माळाची जमीन लागते, असं त्या म्हणाल्या. आप्पांनी वाक्य खोडलं आणि राजाबाईंनी सांगितलं तसं लिहिलं. मग मागच्या पानांचंही त्यांना पुन्हा विचारलं.

लगेच काही घडणार नाही, गुगल फिरून येऊन पानं वाचायला वेळ घेतं, हे पारमितानं बजावलं होतं. तरी आप्पा रोज फोनवर शोधायचे आणि काही न दिसल्यावर फोन उशाला ठेवून द्यायचे. भात पोटरीला आला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा काळ्या कुसळाचं पान पहिल्यांदा दिसलं. दिवाळीपर्यंत बाकीचीही आली.

मळणी झाल्यावर चंदगडकडच्या शामू नावाच्या माणसाचा फोन आला. त्याच्या आईला माहेरचा काळ्या कुसळाचा भात हवा होता. बियाण्याच्या दुकानांत कुणाला तो ठाऊकच नव्हता, म्हणून त्यानं मराठीत नाव लिहून शोधलं, तर आप्पांचं पान आलं. पुढच्या रविवारी मायलेक बेळगावला उतरून जांबोटीच्या बसनं आले.

शामूच्या आईनं मूठभर भात तळहातावर घेतला, एक दाणा नखानं सोलून बघितला आणि हाच तो, असं म्हणाली. आमच्या माहेरी घरामागच्या माळावर असायचा, असं ती राजाबाईंना सांगत राहिली. राजाबाईंनी तिला बियाणं बांधून दिलं आणि जेवायला थांबवून घेतलं. तोच भात शिजवला होता. दोघींचं लागलीच पटलं. पेज काढायची का पाणी आटवायचं, यावर मात्र एकमत होईना. दोघीही आपलंच खरं म्हणत हसत होत्या.

आप्पांनी जेवता जेवताच शामूच्या आईला विचारलं, माहेरी हा भात कधी पेरायचे, खत कुठलं घालायचे. हात धुऊन ते आतल्या खोलीत गेले आणि नवीन पान लिहायला बसले.