दुसरी तुतारी

आमच्या नाट्यगृहाचा हंगाम थंडीच्या आधी सुरू होतो आणि उन्हं तापायला लागली की संपतो. बुधवारी नुसतं वादन, शनिवार-रविवारी ऑपेरा. वादनवाल्यांचं मला काही ओझं नाही. सत्तर माणसं काळे कोट घालून येतात, एखाद्याचं बटण लोंबत असतं, ते लावलं की मी मोकळी. खरा संसार ऑपेराचा. तिथे साधं बोलणं कुणाला ठाऊकच नाही, पाणी मागायचं तरी गाऊन. मरायला टेकलेला माणूससुद्धा पंधरा मिनिटं गातो, आणि तेवढा वेळ त्याच्या छातीवरचा रक्ताचा डाग ताजा दिसायला हवा. तो डाग माझ्याकडे.

कपड्यांची खोली माझ्या ताब्यात आल्याला एकतीस हंगाम झाले. एवढ्या हंगामांत माझ्यामुळे एकही माणूस मंचावर उशिरा गेलेला नाही. हे मी आल्यागेल्याला सांगते. सून म्हणते, "आई, त्यांना परवाच सांगितलंत." सांगितलं तर सांगितलं. दोनदा सांगितल्याने खरं झिजत नाही.

सून गेल्या हंगामापासून माझ्या हाताखाली आहे. शिकलेली आहे, हाताला सफाई आहे, पण दोरा दाताने तोडते. तिने आल्या आल्या भिंतीवर तक्ता लावला: कुठला अंक, कुणाचा पोशाख, किती मिनिटं. मी दुसरीत शाळा सोडली ती सोडलीच. छापील अक्षर मी बोट ठेवून लावते, हाताने लिहिलेलं म्हणजे मला मुंग्यांची रांग. माझा तक्ता कानात असतो. कुठल्या सुराला कोण धावत आत येणार आणि कुठल्या ढोलाला कुणाची टोपी बदलायची, ते मला झोपेत विचारा. मनगटाला लोक घड्याळ बांधतात, मी टाचण्यांची उशी बांधते.

यंदाचा शेवटचा ऑपेरा एका विधवेचा. दुसऱ्या अंकात बाई काळ्या पोशाखात मंचावरून आत येते आणि लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात बाहेर जाते. तेवढ्यात बाहेर तिचे दोन दीर जमिनीवरून भांडतात. भांडता भांडता त्यांना आई आठवते, गळ्यात गळे घालून रडतात, आणि रडून झालं की पुन्हा भांडतात. घरोघरी हेच, फक्त इथे सुरात. रडण्याआधी एक आखूड तुतारी वाजते, रडण्यानंतर दुसरी, लांब ओढलेली. माझा हिशेब सोपा. बाई आत आली की तिला घोटभर पाणी पिऊ द्यायचं, दम खाऊ द्यायचा. पहिल्या तुतारीला काळ्याच्या हुकांना हात घालायचा. दुसऱ्या तुतारीला पांढऱ्याचा शेवटचा हुक लागलेला पाहिजे. दोन्हीकडे पाठीवर चौदा-चौदा हुक. सहा खेळ या हिशेबाने लोण्यासारखे गेले.

सातवा खेळ रविवारी दुपारचा. मी आले तेव्हा मागच्या दारापाशी, सूचनांच्या फळ्यावर, वाद्यवृंद चालवणाऱ्या छडीवाल्यांच्या हातची चिठ्ठी डकवलेली होती. त्यांचं अक्षर त्यांच्या केसांसारखं, चहूकडे. मी चिठ्ठीसमोर वाचायला लागतो तेवढा वेळ उभी राहिले, मान हलवली आणि वर गेले.

इस्त्री तापत होती. सूनबाईने विचारलं, "आई, फळ्यावरचं वाचलंत ना?"

"मला डोळे नाहीत का?"

"तसं नाही. मग बाईंचा पोशाख कसा करायचा?"

"रोज करतो तसा. सहा खेळांत काही अडलं का तुझं?"

ती काहीतरी बोलणार होती. मी इस्त्रीकडे बोट दाखवलं. ती गप्प बसली. माझ्यापुढे गप्प बसायचं हेही तिला मीच शिकवलेलं.

दुसरा अंक आला. बाई आत आली, मंचालगतच्या आमच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली, डोळे मिटून पाणी पिऊ लागली. बाहेर दीर भांडायला लागले. सुनेने मागून तीन हुक सोडलेसुद्धा. मी तिच्या हातावर चापट मारली.

"थांब. दम खाऊ दे तिला. तुतारी कुठे वाजलीये अजून?"

"आई, पण आज..."

"मला नको शिकवूस."

बाईने डोळे उघडले. "मावशी, आज पहिल्या तुतारीसकट रडणं गाळलंय ना? धाकट्याचा घसा बसलाय. मला वाटलं, तुम्ही काहीतरी वेगळं ठरवलं असेल."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुतारी वाजली. लांब ओढलेली. दुसरी.

पुढे फक्त शेवटची चकमक, फार तर एक मिनिट. काळ्याचे अकरा हुक लागलेले, पांढरा खुंटीवर. एकतीस हंगाम माझ्या डोळ्यांपुढून खाली घसरताना दिसले मला.

सून पुढचा हुक सोडायला लागली. मी म्हटलं, "सोड ते. काळा राहू दे. पांढरा वरून घाल."

तिने खुंटीवरचा पोशाख ओढला. पांढरा डोक्यावरून चढवला. तो काळ्यावर मिटेना, पाठीला वीतभर फट. डोक्यावरचा जाळीचा पदर मी पाठीवर ओढला आणि दोन्ही खांद्यांवर कच्चे टाके घालत सुटले. सून बाईला दारापर्यंत चालवत होती, मी मागून शिवत होते. शेवटच्या टाक्याला कात्री कुठली सापडायला. सुनेने दोरा दाताने तोडला.

बाई वेळेवर गेली. पांढऱ्याच्या घेराखालून काळी किनार दिसत होती, चार बोटं. बाह्यांतूनही दिसत होती. मी भिंतीला टेकले. सून म्हणाली, "पाणी घ्या." बाईचा उरलेला पेला होता, तोच प्यायले.

अंक पडला तसे दिग्दर्शक धावत आले. मी पदर खोचून तयारच होते.

"ती काळी किनार कोणाची कल्पना?" त्यांनी विचारलं.

"आईंची," सून म्हणाली. म्हणजे तसं खोटं नाही बोलली.

"लग्नाच्या कपड्याखाली दुःख तसंच राहिलेलं. गेले दोन महिने मी हेच शोधत होतो."

गप्प बसले असते तर पचलंही असतं. पण सून समोर उभी होती, तिच्या हातावर माझ्या चापटीची लाली होती. मी म्हटलं, "कल्पना कसली. चूक आहे. चिठ्ठी मला वाचता आली नाही. ही सांगत होती, मी ऐकलं नाही."

ते हसले. "असू दे. पुढच्या खेळांनाही हीच चूक करा." आणि गेले. माणसाने चुकलं म्हणून कबूल करावं तर तेही कुणी नीट ऐकून घेत नाही.

मंगळवारी इस्त्री तापत ठेवून सून खाली गेली, फळ्यावरचं सगळं कागदावर उतरवून आणलं आणि इस्त्रीला वाचून दाखवावं तसं मोठ्याने वाचलं. मी बटणांच्या डब्यात डोकं घालून सगळं ऐकलं. तेव्हापासून रोज वाचते. मीही तिला रोज एक खूण देते: हा ढोल टोपीचा, ही बासरी जोड्यांची. तक्त्यावर आता मिनिटांच्या शेजारी तिने लहान ढोल आणि बासऱ्या काढल्यात. तेवढं मला वाचता येतं.

हंगामाच्या शेवटच्या खेळाला धाकट्याचा घसा खुला झाला होता, रडणं परत आलं. काळ्यावरून पांढरा चढवायचा म्हणजे काम निम्मं, आणि पांढऱ्याची पाठ सुनेने आधीच ढिली करून ठेवली होती. मी तिला म्हटलं, "आज तू कर. मी बसते."

बाई उठली तसं तिचं स्टूल मी घेतलं. पहिले सहा खेळ ते रडणं मी नुसतं तुतारीची वाट बघत ऐकलं होतं. त्या दिवशी सगळं ऐकलं. दीर चांगले रडले. थोडं लांबवतात, पण चांगले रडतात.

दुसरी तुतारी वाजायच्या आत सुनेचा शेवटचा टाका झाला. कात्री शेजारीच होती, तरी तिने दोरा दाताने तोडला. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बोलले.