आसास मां?

तन्वीने राउटरची वायर काढली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि परत खोचली. लाइन तिसऱ्यांदा कट झाली होती. लॅपटॉपवर मुंबईच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पुन्हा उघडला आणि आईचा, सारिकाचा, अर्ध्यावर आलेला रिपोर्ट पुन्हा शून्यापासून सुरू झाला.

"रिपोर्ट सोमवारी पाचाच्या आत गेलो नाय, तर घरबसल्या काम बंद. मुंबैक येवा म्हणतत," सारिका म्हणाली.

खाटेवर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुंबईला जायचं, तर त्यांना कोणाच्या हवाली करायचं?

शाळेतले बंद पडलेले निम्मे कॉम्प्युटर तन्वीनेच चालू केले होते. ती हार मानणार होय! तिने रेंज तपासली, लॅपटॉप आपोआप झोपणार नाही असं केलं, प्रत्येक कटची वेळ वहीत टिपली. आणि एकदम ओरडली,

"आई, वायरीचो दोष नाय! तुझो आसा. तू उठतंस!"

"मी?"

"धा मिन्टां माउसाक हात लागलो नाय, की थंयसून, मुंबैसून, कट करतत."

"मगे मी तुझ्या बापाशीक भरवू, काय उंदराक कुरवाळीत बसू?"

तन्वी फिसकन हसली. आई हसली नाही. ऑफिसला विचारलं, तर नियम सगळ्यांना सारखाच. आज शनिवार, तन्वी घरी होती. सोमवारपासून तिची शाळा, मग माऊस कोण हलवणार?

सारिका पेज आणायला आत गेली. तन्वीने स्टूल खाटेला लावलं, लॅपटॉप त्यावर ठेवला आणि माऊस बाबांच्या डाव्या हाताखाली सरकवला. उजवी बाजू गेल्यापासून चार महिने त्या चांगल्या हातानेही काही धरलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू खाटेखाली धूळ खात होता.

बाबा तांडेल होते, मासेमारीच्या होडीचे प्रमुख. धुक्यात ते सुकाणू धरून असले, की होडीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, हाक यायची, "तांडेलानू, आसास मां?" त्यांचं "आसंय!", आहे मी, ऐकू आलं, की बाकीचे निर्धास्त जाळं ओढायचे. लहानपणी तन्वीने हे शंभरदा ऐकलं होतं.

नऊ मिनिटं झाली. पडद्यावर चौकट आली: तुम्ही अजून आहात का? खाली सेकंद उलटे पळू लागले.

तन्वीने स्वतःचे हात पाठीमागे घट्ट बांधले.

"तांडेलानू," ती हळूच म्हणाली, "थंयसून इचारतत. आसास मां?"

तीस. वीस. बारा.

एक बोट हललं. बाण थरथरत सरकला आणि चौकट गेली.

"कट झाला काय गो परत?" आतून सारिकाने विचारलं.

सारिका वाटी घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. बाबांची मान पडद्याकडे वळली होती. रिपोर्ट बासष्ट टक्क्यांवर होता.

तिने चमचा पुढे केला. बाबांनी पडद्यावरची नजर न हलवता ओठ मिटून घेतले.

"पेज निवतली हां."

माऊसवरून एक बोट वर उठलं. थांब.

सारिका चमचा तसाच हातात धरून खाटेच्या कडेला बसली.